दहा मिनिटं पाय लावायचा न्हाय

आमची लाल गाडी एकदा मी बिघडवली होती, हे आमच्या घरात आजतागायत कुणालाही ठाऊक नाही. आता हे छापून आलं की कळेल म्हणाल, तर तशी भीती नाही. घरात वाचणारी आता मी एकटीच. मालक दुपारी झोपतात आणि सून फोनवर येतं तेवढंच वाचते.

जिच्या हेव्यापायी मी ती गाडी बिघडवली, तिला अख्खं निपाणी आक्का म्हणायचं. चिकोडी रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये तिचं गॅरेज होतं. गॅरेज मूळचं तिच्या नवऱ्याचं. तो एकदा कुणाचीतरी गाडी पोचवायला कणकुंबीच्या घाटानं गोव्यात उतरला आणि तिकडंच राहिला. गाडी मात्र महिन्याभरानं दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर परत आली. कुणी त्याची चौकशी केली की आक्का म्हणायची, "गाडी परत आली की. चांगली हुती गाडी." एवढ्यावर विषय संपायचा. पाचवारी साडी, वरनं त्याच पळालेल्या नवऱ्याचा खाकी शर्ट, आणि कपाळाला बंद्या रुपयाएवढं कुंकू. ऑइलचा हात लागून ते कुंकू दुपारपर्यंत काळं व्हायचं. एका शहाण्या बाईनं तिला विचारलं होतं, आता कुंकू कशाला लावता म्हणून. ती म्हणाली, "पळालाय तो, मेला न्हाय."

विचारणारी शहाणी बाई मीच.

माझ्यापेक्षा ती चार वर्षांनी लहान होती. काठी टेकत येणारे म्हातारेही तिला आक्का म्हणायचे, ते त्यांचं ते बघून घेतील. मी म्हणणार नव्हते. मी तिला 'अहो' म्हणायची, आणि तेही भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून.

तिची एकेक तऱ्हा होती. माणसांशी ती मराठी बोलायची आणि इंजिनाशी कन्नड. इंजिनाला मराठी कळत नाही असं तिचं ठाम मत होतं. बॉनेट उघडलं की पहिला शब्द, "सुम्न कूड." म्हणजे गप्प बस. गिऱ्हाईक फार बोलायला लागलं तर त्यालाही तेच, फक्त मानाचा 'री' लावून, "सुम्न कूडरी." दिवसातून पाच वेळा ती मिश्री लावायची आणि मिश्री तोंडात असेतो एक अक्षर बोलायची नाही, मग समोर आमदार का उभा असेना. खोटं तर तिला जमतच नव्हतं. एका पोराच्या वडिलांनी नवीकोरी गाडी आणली, सारखी बंद पडते म्हणाले. तिनं एक फेरी मारली आणि चावी परत दिली. "गाडीला काय झालं न्हाय. तुमच्या पोराच्या पायाला झालंय."

आणि तिचा कान. त्या कानावरच तर माझा सगळा जळफळाट.

तिचं माहेर बेळगावातल्या वडगावचं, विणकराचं. घरात चार माग. ती सांगायची, दिवसभर खडखड चालायची, बाहेरच्या माणसाला सगळा एकच दंगा वाटायचा, पण चारातल्या एकाचा सूर जरासा बदलला की आई ताटावरनं उठायची. धागा तुटायच्या आधी. त्यामुळं आई कायम उभ्यानं जेवायची. सारखं कोण उठबस करणार? लेकीलाही तीच सवय. आक्का हातात ताट घेऊन, शेडच्या दाराला टेकून, उभ्यानंच भाकरी खायची. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीला घासाघासागणिक नावं ठेवायची. ह्याचा पट्टा सैल हाय. ह्याचा एक प्लग मेलाय. ही बाई क्लचवर पाय ठेवून चालवतीया.

ती शेवटची बाईही मीच. गाडी चालवायला मी का शिकले, तर आक्का चालवते म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

आमचे मालक बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत लाकडी नमुने करायचे, ज्यावरनं वाळूत साचा घेतात ते. तीस वर्षं केलं. रिटायर झाल्यावर आम्ही निपाणीला आलो, त्यांच्या गावी. माणूस मुळात अबोल. सकाळी 'चहा', रात्री 'दिवा घालव', मधे दोनचार हुंकार, असा त्यांचा दिवस. मग त्यांनी ही लाल गाडी घेतली, जुनीच, आणि गाडीनं त्यांना आक्काच्या शेडमध्ये नेलं. त्यानंतर दर शुक्रवारी अकराला माझ्या हातचा डबा घेऊन जायचे ते पाचला परत. चेहरा असा टवटवीत, की जसा देवीला जाऊन आलाय.

"काय करत होता?"

"गाडीचं बघत होतो."

"काय बघत होता?"

"आवाज."

आवाज कुणी सहा तास बघतं का? घरात माझ्याशी सहा मिनिटं न बोलणारा माणूस तिथं सहा तास काय बोलत असेल, ह्या विचारानं माझी भाजी करपायची. मालक बेळगावला गेले की कुंद्याचे, तिथल्या त्या खव्याच्या मिठाईचे, दोन डबे आणायचे, एक घरात, एक 'आक्काला'. मी दोन्ही डबे हातात तोलून बघायची, तिचा जड नाही ना. एकदा तर त्यांचा फाउंड्रीतला शर्ट साडीवर चढवून आरशासमोर उभी राहिले. बस कंडक्टर दिसले. अठ्ठावन्न वर्षांची होते हो मी तेव्हा. कोवळी पोर. कुणी समजावून सांगणारं नव्हतं.

ठिणगी पडली ती मिक्सरवरनं. चटणी फिरवताना मिक्सर विचित्र घरघरायला लागला, झाकण उडालं आणि भिंत हिरवी झाली. मालक पेपरमधनं मान वर करून म्हणाले, "आक्का असती तर आवाजावरनंच कळलं असतं, रबर बसलेला न्हाय." दिवसभराचे शब्द त्यांनी एका दमात तिच्यावर खर्च केले. मी भिंत पुसत होते. वर म्हणाले, "गाडी पण जरा थरथरतीया. थ्रॉटल बॉडीत काजळी बसली असंल. शुक्रवारी आक्काकडं टाकतो. दिवस जाईल."

थ्रॉटल बॉडी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. पण दिवस जाईल म्हणजे काय, ते चांगलं कळलं.

बुधवारी त्यांच्या एका दोस्ताच्या घरची वास्तुशांत होती बेळगावात. मी गुडघा धरला आणि घरी राहिले. ते सकाळी बसनं गेले. ते वळणावर दिसेनासे झाले आणि मी फोन उघडला. हातमोजे घातलेला एक माणूस हिंदीत सांगत होता, एकदम आसान आहे. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनाचं नाक. त्यात एक गोल झडप, तिच्यातनं वारा आत जातो. झडपेवर काजळी धरते, ती स्प्रे मारून पुसायची, झालं. मनात म्हटलं, घासायचंच आहे ना? चाळीस वर्षं तवे घासलेल्या बाईला घासायला आक्काची काय गरज? दुकानातनं स्प्रे आणला, मालकांनी मागवलाय म्हणून सांगितलं. बॉनेट उघडलं. पाईपाची क्लिप सैल केली, पाईप ओढला, आणि खरंच आत एक गोल झडप, तव्याच्या बुडासारखी काळी. जुना दातांचा ब्रश घेतला आणि अशी घासली, अशी घासली, की तिच्यात तोंड दिसावं. पाईप परत चढवला, क्लिप पिळली. शुक्रवारचा काटा निघाला.

चावी फिरवली.

इंजिन एकदम गुरगुरत चढलं, मग बुडाल्यासारखं खाली गेलं, परत चढलं, परत खाली. सगळी गाडी हुडहुडी भरल्यासारखी हलायला लागली आणि बंद पडली. आता बघा, माझा जन्म रॉकेलच्या स्टोव्हवर गेलेला. ज्योत खाली गेली की आम्हाला एकच इलाज ठाऊक, पंप मारा. मी पाय दाबला. इंजिन उठलं. पाय काढला, मेलं. परत दाबला. अर्धा तास मी त्या गाडीला पंप मारत बसले होते. पेट्रोलचा वास गल्लीभर. शेजारीण कुंपणावरनं विचारती, काय ओ, गाडी शिकताय व्हय अजून?

मालक पाचला येणार होते. बाराला मी ती गाडी बाहेर काढली, कारण जायला जागा एकच होती. कुठं, ते सांगायला नको.

चौकात तीनदा बंद पडली. मागं उसाचा ट्रॅक्टर. त्याचा ड्रायव्हर उतरून आला आणि म्हणाला, "आज्जी, पाय काढू नका." आज्जी म्हणाला. मला.

आक्का दाराला टेकून जेवत होती. मी अजून वळणावर असतानाच तिनं भाकरीचा घास थांबवला असावा, कारण मी उतरले तेव्हा ती गाडीकडंच बघत होती, माझ्याकडं नाही.

"कुनी हात घातला?"

"बेळगावच्या एका गॅरेजवाल्यानं," मी कॅलेंडरकडं बघून म्हणाले.

तिनं ताट खाली ठेवलं, बॉनेट वर केलं, डोळे मिटले. मग आंधळ्यासारखा हात पुढं नेऊन पाईपाजवळ थांबवला. "हितनं शिट्टी वाजतीया." वाकून बघितलं.

"वैनी, त्या गॅरेजवाल्याच्या बोटांस्नी हळद हाय."

सकाळी मी लोणच्याच्या फोडींना हळद लावली होती. काळ्या पाईपावर माझी चार बोटं पिवळीधमक उमटली होती, देवघराच्या उंबऱ्यावर उमटतात तशी. ती हसली असती तर बरं झालं असतं. हसली नाही. पाईप एका अंगाला नीट बसलाच नव्हता, त्या फटीतनं चोरून वारा आत जात होता. तो तिनं बसवला, क्लिप आवळली. बॅटरीची एक वायर काढून ठेवली आणि राहिलेली भाकरी खाल्ली, सावकाश. मग वायर परत जोडून मला गाडीत बसवलं आणि स्वतः शेजारी येऊन बसली.

"चावी फिरवा. चालू करू नका अजून. हं. आता करा. आनि आता दहा मिनिटं पाय लावायचा न्हाय."

इंजिन चालू झालं आणि परत तीच हुडहुडी. समोरच्या डायलवरचा काटा वर, खाली. माझा उजवा पाय आपोआप पुढं गेला.

"सुम्न कूड."

हे इंजिनाला होतं की मला, ते मी विचारलं नाही. 'री' नव्हता, एवढं मात्र ऐकलं.

"बंद पडंल ना," मी म्हणाले.

"पडूदे की. परत चालू करू." मग तिनं सांगितलं, काजळी होती तेव्हा वारा कमी पडायचा, म्हणून झडपेला जरा जास्त उघडं राहायची सवय लागली होती. आता काजळी गेली, सवय जुनीच राहिली, म्हणून वारा जास्त झाला आणि इंजिन गांगरलं. बॅटरीची वायर काढली ती ही जुनी सवय पुसायला, आता ते नव्यानं शिकतंय. "त्येचं त्येला कळतंय, किती उघडायचं ते. पन तुमी सारका पाय मारत बसलासा तर त्येला कवा कळायचं?"

माझा पाय काही ऐकेना. शेवटी मी तो उचलून सीटवर घेतला आणि त्याच्यावर बसले. गाडीत एका पायाची मांडी घालून बसलेली बाई शेडमधल्या लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच बघितली असेल. आम्ही दोघी समोरच्या काचेतनं भिंतीकडं बघत होतो. चौथं मिनिट असेल. आता इथवर आलोच आहोत, असं मनाशी म्हणून मी दोन वर्षं गिळलेला प्रश्न बाहेर काढला.

"आमचे मालक इथं दिवसभर काय बोलत असतात?"

"अण्णा? बोलत न्हाईत."

"मग काय करतात?"

"झोपत्यात."

तिनं हनुवटीनं कोपऱ्याकडं दाखवलं. तिथं चाकं काढलेली एक पांढरी अँबॅसिडर विटांवर उभी होती. मागचं दार उघडं. मागच्या सीटवर एक उशी. उशीच्या अभ्र्यावर माझ्या हातचा कशिद्याचा पोपट, चोच जरा वाकडी. ही उशी हरवली म्हणून मी घरातल्या कामवालीशी महिनाभर बोलत नव्हते.

"घरात डोळा लागला की वैनी येऊन, झोपलात काय, असं विचारून उठवत्यात, म्हनाले," आक्का सांगत होती. "म्हटलं, हितं झोपा. घरात गाडीचं नाव सांगा."

मी विचारत होते हे खरं होतं. दोघंच घरात, तो गप्प, मग मी दर दहा मिनिटांनी जाऊन बघायची, जागा आहे की झोपलाय. जागा असला तर दोन शब्द मिळतील म्हणून.

"आणि डबा?"

"डबा मी खाते. अण्णा उठल्यावर च्या-खारी घेत्यात." वर म्हणाली, "शेंगाच्या पोळीत गूळ कमी पडतोय तुमच्या."

आता खरं सांगते, नवरा परक्या शेडमध्ये झोपतो ह्याचं मला जेवढं वाटलं, त्याहून जास्त त्या गुळाचं लागलं. दोन वर्षं मी तिच्यावर जळत जळत तिच्यासाठीच शेंगदाण्याच्या पोळ्या लाटत होते. आणि त्यातही खोट निघाली.

"हं," आक्का म्हणाली. "बसलं."

मी काट्याकडं बघितलं. काटा एका जागी उभा होता. गाडी चालू आहे की बंद, कळू नये इतकं इंजिन शांत झालं होतं. कधी झालं, मला कळलंच नाही. तिला कळलं होतं. गुळाचं बोलतानाही तिचा एक कान तिकडंच असणार. तिनं एसी लावून बघितला, इंजिन किंचित दबलं आणि आपलं आपण सावरलं.

उतरल्यावर तिनं मिश्रीची डबी काढली. बोट तोंडात जायच्या आत मी घाईनं म्हणाले, "आक्का, मालकांना सांगू नका."

पहिल्यांदाच म्हणाले. तिनं माझ्याकडं बघितलं, मिश्री लावली, आणि मग आता बोलायचं तर नव्हतंच, म्हणून शर्टाच्या बाहीनं पाईपावरची चार पिवळी बोटं पुसून टाकली.

पाचला मालक कुंद्याचे दोन डबे घेऊन आले. मी सांगितलं, थरथर जास्त वाटली म्हणून गाडी आक्काकडं नेऊन आणली. त्यांनी जाऊन चावी फिरवली, कान दिला. "वा," म्हणाले. "हात आक्काचाच. कसं गप्प बसलंय बघ."

घासलं कुणी? दातांच्या ब्रशनं, कंबर मोडेस्तोवर, आरशासारखं कुणी केलं? सगळं जिभेच्या शेंड्यावर आलं होतं. जळणाऱ्या बाईला ह्याहून वाईट शिक्षा नसेल, की केलं आपण आणि वाहवा तिची, आणि तोंड उघडायची सोय नाही. सुम्न कूड, म्हणाले स्वतःला.

तिच्या वाटणीचा डबा दुसऱ्या दिवशी मीच पोचवला. वाटेत एक चमचा कमी करून. तिनं डबा हातात घेतला, न उघडता जरासा तोलला आणि म्हणाली, "कुंदाबी गुळावानी कमीच पडतोय म्हना की."

शुक्रवारी मालकांना शेडमध्ये जायला कारण उरलं नव्हतं. गाडी बरी झालेली. दुपारी पेपर घेऊन खुर्चीत बसले आणि दोनच्या सुमाराला मान पुढं कलंडली. मी दारात. 'झोपलात काय' हे शब्द अगदी ओठाशी आलेले. घड्याळ बघितलं आणि ठरवलं, दहा मिनिटं पाय लावायचा नाही. स्वयंपाकघरात जाऊन खरोखर पायावर बसले. दहाची वीस झाली. साडेचारला ते उठले आणि दचकून इकडंतिकडं बघत म्हणाले, "तू काय बोलली न्हाईस?"

म्हणून काही शेडमध्ये जायचे थांबले नाहीत. दोनचार शुक्रवार गेले की गाडीचं काहीतरी बघायचं निघायचंच. मीही आता डबा भरताना गूळ वाढवायची आणि वाढवताना जळायची. ज्याच्यापायी जळायचं ते कारण संपलं तरी जळायची सवय काही एका दिवसात जात नाही. मला बसायला दहा मिनिटं पुरली नाहीत, एवढंच.

पुढं रस्ता रुंद झाला आणि शेड गेलं. आक्का वडगावला भावाकडं राहायला गेली. शेड उतरवायच्या दिवशी भंगारवाला आला होता. मी गाडी घेऊन गेले आणि अँबॅसिडरची मागची सीट मागितली. कशाला, तिनं विचारलं नाही. "धा पोळ्या," म्हणाली. "गूळ बघून." मी पंधरा नेऊन दिल्या. तिनं एक तिथंच खाल्ली, उभ्यानं, आणि काही बोलली नाही. तिच्या तोंडून काही न येणं म्हणजे काय, हे तोवर मला कळायला लागलं होतं.

ती सीट आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, आहे. मालक आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत आणि जेवण झालं की पोपटाच्या उशीवर डोकं ठेवून तिच्यावर घोरतात. मी मागं स्वयंपाकघरात, दार उघडं ठेवून जेवायला बसते. सून म्हणते, आत्या, मामंजींचं ते घोरणं, दुपारभर एकच सूर. एकच कसा असेल? उताणे असले की वेगळा, कुशीवर असले की वेगळा, आणि कधी कधी मधेच एक धागा ताणल्यासारखा होतो. तेवढा ऐकू आला की मी ताटावरनं उठते, सोप्याच्या दारात जाऊन उभी राहते, पुढचा श्वास येईस्तोवर. विचारत काही नाही.

एका जेवणात चारपाच वेळा तरी होतं असं. त्यामुळं हल्ली मी उभ्यानंच जेवते.